मला शुद्धीत जाऊ द्या

मातले,
९ ऑगस्ट १९९६

वंदनीय उत्तरा शीलमाता यांस, म्हणजे माझ्या अक्काला,

जयतिस्सचे सा. न. वि. वि. डोकं भादरून, भगवं नेसून तू आश्रमात गेलीस त्याला किती वर्षं झाली, तरी ‘शीलमाता’ लिहिताना माझा हात अडखळतो. ज्या बाईने मला फणसाच्या झाडावरून ढकललं तिला वंदनीय म्हणायचं म्हणजे काय थट्टा आहे? तेव्हा पहिल्या ओळीत तुझा मान झाला. आता तू अक्का आणि मी तुझा धाकटा मल्ली.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण या वेळी ते लिहवत नाही. अम्माची कंबर दुखते म्हणून आम्ही वाताचं तेल चोळत होतो. शेवटी मोठ्या इस्पितळात नेऊन फोटो काढला. हाडात कर्करोग आहे आणि तो बराच पसरलाय. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, बरं करणं आता हातात नाही, दुखू न देणं तेवढं आहे. मॉर्फिनची बाटली दिली आणि ठरल्या वेळी चमचाभर द्यायला सांगितलं. ती बाटली मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. अजून उघडलेली नाही.

का ते तुला सांगायला नको. अप्पच्ची इस्पितळात गुंगीच्या सुया घेत गेले. शेवटचे दोन दिवस ते आपल्या लेकरांना सोडून हरवलेल्या बैलाला हाका मारत होते. तेव्हापासून अम्माने दारात आलेल्या प्रत्येक जनावराला भात घातला, न जाणो हेच ते असायचे म्हणून. आणि ते गेल्यानंतरच्या पौर्णिमेला बोधिवृक्षाखाली तिने तुझ्याकडून आणि माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाली होती, मला झोपवून पाठवू नका, मला शुद्धीत जाऊ द्या. आयुष्यभर मन घासून-पुसून ठेवलंय ते ऐन वेळी धुरकट करू नका.

पण अक्का, ती अम्मा आता आहे कुठे? तिचा विसर वाढत चाललाय हे मी मागे लिहिलं होतं. आता ती मला महात्मया म्हणते, जसं पोस्टमास्तरला म्हणावं तसं. यसवतीला ती सोसायटीच्या दुकानातली मुलगी समजते. त्या दोघींचं मात्र सासू-सून म्हणून जमलं नव्हतं तेवढं आता जमतं. पडवीतली चटई, जिच्यावर ती रोज पहाटे पांढरं नेसून बसायची, ती कोणाची म्हणून परवा विचारत होती. बुद्धाच्या मूर्तीकडे बघून म्हणाली, हे कोण बसलेत, यांना चहा दिला का?

दुखणं उठलं की ती गुरासारखी ओरडते. यसवती म्हणते, औषध द्या. मी म्हणतो, वचन दिलंय. घरात आमचं एवढंच बोलणं चालतं. शेवटचा विचार जसा तसा पुढचा जन्म, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो. ओरडत गेली तर वाईट आणि गुंगीत गेली तरी वाईट. मन म्हणजे काय हे शिकायला तू घर सोडलंस ना? मग सांग. एवढ्या वर्षांचं ध्यान ज्या बाईने केलं तिला ध्यान हा शब्दच आठवत नसेल, तर ते ध्यान गेलं कुठे? आणि मी काय करू?

लोभ तुझा आहेच, आज थोडा जास्त लागणार आहे.

तुझा मल्ली,
जयतिस्स


शीलमाता आश्रम, मोणरागल,
१७ ऑगस्ट १९९६

चि. जयतिस्स यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. त्रिरत्नांची कृपा तुम्हा तिघांवर राहो. फणसावरून मी तुला ढकललं नव्हतं, तू पिकलेला गरा दिसल्यावर माझा हात सोडलास. पण ते असो.

तुझं पत्र आलं तेव्हा माझा गाल सुजलेला होता. दाढ काढायला इस्पितळात गेले होते. परत येताना बसमध्ये तुझं पत्र तीनदा वाचलं आणि दाढेचं दुखणं विसरले. अम्मा ओरडते ही ओळ मला सोडत नाही. लहानपणी तिचा पाय विळीवर कापला होता तेव्हाही ती ओरडली नव्हती, फक्त डोळे मिटून पुटपुटत राहिली होती, आठवतं?

तू विचारलंस ते सांगते. पुस्तकात आहे तसं सांगते, कारण माझ्याजवळ तेवढंच आहे. मन म्हणजे घरात ठेवलेली एखादी वस्तू नव्हे. एक विचार उठतो, विरतो, त्याच्या धक्क्याने दुसरा उठतो. मधे कोणी मालक बसलेला नाही. आठवण जाते, पण वळण जात नाही. वाट बुजली तरी पाणी जुन्याच उताराने वाहतं. म्हणून मला वाटतं की अम्माचं ध्यान कुठे गेलेलं नाही. तिला फक्त त्याच्यापाशी परत नेलं पाहिजे.

दुखणं उठलं की तिला उशीला टेकवून बसव. हात तिच्या पोटावर ठेव. पोट वर येतं, खाली जातं, ते तिला हळू आवाजात सांग. दुखलं की ‘दुखतंय, दुखतंय’ एवढीच नोंद घ्यायला सांग, जशी ती आपल्याला तापात सांगायची. सकाळ-संध्याकाळ परित्ताची रक्षणसूत्रं म्हण. आणि वचन मोडू नकोस. ते तिच्या निर्मळ मनाने मागितलं होतं. आज तिचं मन ढगाळलंय म्हणून आपण तिचा शब्द मोडायचा, हे मला बरोबर वाटत नाही. यसवतीला सांग, तिचं मन मोठं आहे पण इथे दयेने घाई करू नये.

आमच्या थोरल्या मातांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तू स्वतः जाऊन बघ. वर्षावासात आश्रम सोडता येत नसला तरी आजारी आई-बापासाठी सात दिवस जाता येतं. पण मी या वर्षावासात रोज दुपारपर्यंत मौनात बसायचा संकल्प केलाय. शिवाय मी तिथे येऊन वेगळं काय सांगणार? तू कर, जमेल तुला.

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागायची गरज नाही.

तुझी
अक्का


मातले,
५ सप्टेंबर १९९६

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. आधी वाईट सांगतो, म्हणजे चांगलं निवांत सांगता येईल.

तू लिहिलंस तसं पहिल्या दिवशी केलं. बसवलं, पोटावर हात ठेवला, म्हटलं, अम्मे, नोंद घे, दुखतंय, दुखतंय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. म्हणाली, महात्मया, माझं काय चुकलं? मी काही चोरलेलं नाही. मी तसाच मागे झालो. यसवती दारात उभी होती, ती काही बोलली नाही. तिने न बोलणं हे वाईट लक्षण असतं हे तुला माहीत आहेच. तरी मी सोडलं नाही. रोज तेच. सात-आठ दिवस ती मला बघितलं की अंग चोरायची. त्या दिवसांत पत्र लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग अक्का, फरक पडला. एका सकाळी मी गेलो तर अम्मा उशीला टेकून शांत बसलेली. श्वास कसा, तर जुन्या पहाटेसारखा. कपाळावर आठी नाही. मी पोटावर हात ठेवला तर तिने त्यावर आपला हात ठेवला. त्या दिवसापासून ती ओरडलेली नाही. कण्हते कधीमधी, पण पुन्हा निवते. येईल-जाईल त्याला म्हणते, सुखी रहा, निरोगी रहा. काल मांजरालाही म्हणाली.

तुझं म्हणणं खरं झालं. वळण जात नाही. मी विहारात जाऊन भंतेंना सांगितलं तर ते स्वतः घरी आले, तिच्याजवळ बसले आणि जाताना त्यांचे डोळे ओले होते. पौर्णिमेच्या प्रवचनात त्यांनी अम्माचं नाव घेतलं. म्हणाले, औषधाचा थेंब न घेता ही उपासिका एवढ्या यातनेत शांत आहे, याला म्हणतात भावनेचं, ध्यानाचं फळ. आता गावातल्या बायका फुलं घेऊन येतात, तिच्या पायाला हात लावून साधु-साधु म्हणतात. अम्मा त्यांना विचारते, तुमच्याकडे लग्न आहे का?

खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटतो. तिचा, तुझा, आणि जरासा माझाही. तू आश्रमात हे पत्र वाचून दाखव. यसवतीला मी म्हटलं, बघ, तू बाटली उघडायला निघाली होतीस. ती म्हणाली, हो, तुमचं बरोबर होतं, आणि पेज ढवळत राहिली. एवढ्या लवकर तिने हार मानलेली मी लग्नानंतर प्रथमच पाहिली.

असाच लोभ ठेव, त्यानेच हे झालं.

जयतिस्स


मातले,
१४ सप्टेंबर १९९६

ती. अक्कांना,

यसवतीचा सा. न. मी तुम्हाला स्वतःहून पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. लग्नात तुम्ही मला म्हणाला होतात की माझा भाऊ हट्टी आहे, कधी अडलीस तर कळव. आता अडले आहे.

अक्का, अम्मांना मी औषध देते. रोज. हिरव्या पाल्याच्या पेजेत घालते आणि वर माडाच्या गुळाचा खडा देते म्हणजे कडू लागत नाही. फळीवरच्या बाटलीला मी हात लावलेला नाही, हे ती रोज बघतात. इस्पितळात जाऊन पहिली बाटली फुटली असं सांगितलं आणि दुसरी आणली. ती मिरीच्या पोत्यात आहे. खोटं न बोलण्याचं चौथं शील मी रोज सकाळी विहाराकडे तोंड करून घेते आणि न्याहारीच्या आत मोडते.

तुम्ही दोघांनी वचन दिलंत. मी दिलं नाही, मला कोणी विचारलंच नव्हतं, सून कोण विचारात घेतो? पण त्यांचं अंग मी पुसते. त्या दिवशी कूस बदलताना त्यांनी माझं मनगट चावलं. नंतर ते वळ बघून मलाच विचारत होत्या, कोणी मारलं गं तुला? त्याच दुपारी मी इस्पितळात गेले. तुमच्या पत्रात दयेने घाई करू नये असं होतं. अक्का, दाढ काढताना तुम्ही सुई घेतलीत की नाही? घेतली असणार. तेव्हा मन धुरकट झालं का?

टोचून बोलले, माफ करा. पण आता गोष्ट माझ्या हाताबाहेर गेली आहे. बायका येऊन अम्मांच्या पाया पडतात आणि मी तिथे पेजेचं भांडं घेऊन उभी असते. भंते औषधाचा थेंबही नाही असं म्हणाले तेव्हा मी सभेत बसले होते आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. ह्यांना सांगावं तर ते त्या क्षणी औषध बंद करतील. न सांगावं तर मी कोण झाले? ते किती आनंदात आहेत हो. लहान मुलासारखे उठून अम्मांचा श्वास बघायला जातात.

एक मात्र खरं सांगते, आणि हे मी बचाव म्हणून सांगत नाही. औषधाने दुखणं थांबतं. पण ‘सुखी रहा, निरोगी रहा’ हे बाटलीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही शेवटी हेच औषध होतं, ते नर्सना शिव्या द्यायचे. अम्मांचं हे त्यांचं स्वतःचं आहे.

काय करू ते कळवा. राग आला तर तोही कळवा, पण लोभ तोडू नका.

तुमची
यसवती


शीलमाता आश्रम, मोणरागल,
२२ सप्टेंबर १९९६

चि. जयतिस्स यास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र बसून वाच, आणि एकटा वाच.

तुझं मागचं पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. सगळ्या साधु-साधु म्हणाल्या. मला वाटलं, माझ्या एका पत्राने हे झालं. त्यानंतर यसवतीचं पत्र आलं. अम्मा पेजेतून औषध घेते आहे. तू समजतोस ती शांतता ज्या सकाळी आली, त्याच्या आदल्या दिवसापासून. यसवतीने हे लपवलं कारण तू बंद करशील अशी तिला भीती होती. ही भीती तिला तुझी वाटली, आणि तुझ्यामागे उभी असलेली मी, माझीही वाटली. तेव्हा रागवायचं असेल तर अर्धा राग मोणरागलच्या पत्त्यावर पाठव.

मी दोन दिवस जेवले नाही नीट. मग थोरल्या मातांकडे गेले आणि म्हटलं, सगळं खोटं होतं, ती शांतता बाटलीतली होती. त्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला विचारलं, तू सकाळी पेज पिऊन ध्यानाला बसतेस ना? उपाशी बसलीस तर लागतं का? मी म्हटलं, नाही, चित्त भुकेकडे जातं. मग म्हणाल्या, पेजेने लागलेलं ध्यान तुझं, आणि औषधाने निवलेलं मन बाटलीचं, हे कोणत्या पुस्तकात वाचलंस?

मी तुला लिहिलं होतं की मनाला मालक नाही, ते कारणांनी उठतं. शब्द बरोबर होते, पण मला ते कळलेले नव्हते. श्वास हे कारण, अन्न हे कारण, कोणाचा हात पोटावर असणं हे कारण, तसंच औषधही. मी मात्र मनाची अशी एक डबी कल्पून बसले होते की जिच्यात अम्माने पुण्य साठवलंय आणि औषधाचा थेंब पडला तर ते नासेल. अशी डबी कुठे नाही. आणि माझ्या दाढेला मी सुई घेतली होतीच; यसवतीने ते विचारलं आणि मी लाजले. नोंद घे म्हणून सांगणं सोपं असतं. नोंद घ्यायला हे दुखणं आहे, शिक्षा नव्हे, एवढं तरी कळावं लागतं. अम्माला ते कळत नाही. आपण तिला ध्यान करायला लावलं नाही रे, आपण तिला छळलं.

वचनाचं म्हणशील. ते मागताना ती अप्पच्चींच्या मरणाने भ्यालेली होती. तिला हवं होतं ते निर्भय मन. आज तिला निर्भय ठेवणारी गोष्ट त्या बाटलीत असेल तर शब्द सुटू दे, तिने मागितलं ते दे. आणि यसवतीच्या हातून चोरून नको, तुझ्या हातून दे. मी आज्ञा करत नाही, मला आता आज्ञा करायचा अधिकार वाटत नाही. विनंती करते.

तू काहीही ठरव, पण यसवतीला तोडून बोलू नकोस. या घरात अम्माकडे बघून निर्णय घेणारी ती एकटीच होती.

माझ्यावर लोभ उरला तर दोन ओळी लिही.

अक्का


मातले,
६ ऑक्टोबर १९९६

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मी काय केलं ते सगळं लिहितो, कमी करून लिहीत नाही.

आधी यसवतीशी बोलणं टाकलं. तिच्या हातचं जेवलो नाही. नाक्यावरच्या दुकानात पाव आणि चहा घेत होतो, सगळं गाव बघत होतं. तुलाही मनात खूप बोललो. मन क्षणाक्षणाला नवं, जुन्या मनाने दिलेला शब्द सुटू दे, असं असेल तर यसवतीला लग्नात दिलेला शब्दही सुटला का, असं तुला लिहून फाडलं. खरं दुखणं वेगळंच होतं. अम्मा माझ्यामुळे शांत झाली असं मला वाटत होतं आणि ते माझ्याकडून काढून घेतलं गेलं.

मग एका सकाळी यसवतीने मिरीच्या पोत्यातली बाटली माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, पहाटेचा चमचा मी दिलाय, पुढचा तुम्ही ठरवा, मी संध्याकाळपर्यंत माहेरी जाते. मी ठरवलं की द्यायचं नाही. मला माझी आई पाहायची होती, औषधाशिवायची, खरी.

दुपारी ती दिसली. सुरुवातीला कण्हत होती. मग उशीचा कोपरा दातात धरला. अंग घामाने भिजलं. मी म्हटलं, अम्मे, मी जयतिस्स. ती ऐकतच नव्हती. मी तिच्या कॉटशी खाली बसलो आणि मला रडू आलं. अप्पच्ची गेले तेव्हा रडलो नव्हतो एवढं आलं. तेव्हा तिने उशी सोडली. माझ्याकडे बघितलं आणि हात लांब करून माझा गुडघा चाचपला. विचारलं, कुठे दुखतंय तुला, महात्मया? ती म्हणाली, थांब, पेज आणते, आणि त्या मोडक्या कमरेवर उठायला लागली.

ती किंकाळी मी सांगत नाही. मी धावत बाटली आणली आणि माझ्या हाताने चमचा दिला. निम्मा सांडला, पुन्हा दिला. उतार पडेपर्यंत तिचं डोकं छातीशी धरून बसलो. तिचं ध्यान कुठे गेलं असं मी तुला विचारलं होतं ना? ती मला ओळखत नव्हती, दुखणं काय ते तिला कळत नव्हतं, आणि तशात तिला माझं रडणं दिसलं. मला आणखी काही विचारायचं नाही.

यसवती आली तेव्हा मी पेज करत होतो. करपवली होती. तिने भांड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, ही अम्मांना नको, तुम्हीच खा. मी खाल्ली.

आता तुझे ते सात दिवस माग आणि ये. मौनात येऊन बस हवं तर, पण ये. लोभ पुरेसा आहे, फक्त माणूस हवं.

तुझा मल्ली,
जयतिस्स


मातले,
१९ नोव्हेंबर १९९६

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तार मिळाली असेलच. तू सात दिवस राहून परत गेलीस त्यानंतर अम्मा फार बोलली नाही. तू गेल्यावर दोनदा मात्र म्हणाली की परवा एक शीलमाता आल्या होत्या, त्यांचे हात मऊ होते. तू तिच्या पायाशी बसायचीस आणि ती तुलाच हात जोडायची, ते बघून यसवती आत जाऊन रडायची, हे तुला सांगितलं नव्हतं.

ती सकाळी गेली. पहाटेचं औषध मीच दिलं होतं. तोंड अर्धवट उघडं, लहान मूल झोपतं तशी झोपलेली होती. श्वास लांबत गेला आणि मग पुढचा आला नाही. शेवटचा विचार कोणता होता, कोणी सांगू शकत नाही. होता की नाही, तेही मला माहीत नाही. माझा एक हात यसवतीच्या हातात होता आणि एक अम्माच्या पोटावर. मी भ्यालो नव्हतो.

पुढचं लिहायचं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. सातव्या दिवसाच्या प्रवचनाला सगळं गाव पडवीत जमलं होतं. भंतेंनी अम्माबद्दल सुरेख सांगितलं आणि मग तेच आलं, की औषधाचा स्पर्शही न होऊ देता, पूर्ण शुद्धीत ही उपासिका गेली. त्यांची काही चूक नाही, मीच त्यांना तसं सांगितलं होतं आणि नंतर खरं सांगायला गेलो नव्हतो. लोक साधु-साधु म्हणाले. यसवती खांबाला टेकून खाली बघत होती. मी उठलो. भंतेंना तीनदा वंदन केलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं की हे खरं नाही. अम्मा औषध घेत होती, आधी सुनेच्या हातून, मग माझ्या हातून, आणि ती झोपेत गेली. ती ओरडत होती तेव्हा मी औषध अडवून धरलं होतं, तेवढंच माझं काम.

भंतेंनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, हेही तिच्या नावाने दान झालं, आणि पुण्य तिला पोचावं म्हणून पुण्यानुमोदनाचं पाणी ओतायला सांगितलं. पण ओढ्यापलीकडची पोडि मेणिके मावशी मधेच उठली. पाणी ओतायलाही न थांबता, छत्री तिथेच टाकून भर पावसात निघून गेली. गावात काही जणांना राग येणार हे मी धरून चाललो होतो, म्हणून मागे गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. छत्री न्यायला आली असेल म्हणून मी ती पुढे केली, तर तिने घेतली नाही. तिच्या नवऱ्याला घशाचा कर्करोग आहे, हे मला ठाऊक होतं. त्याच इस्पितळाने त्यालाही तीच बाटली दिली होती, हे ठाऊक नव्हतं. पौर्णिमेचं ते प्रवचन ऐकून तिने ती बाटली ओढ्यात रिकामी केली. जयतिस्सच्या अम्माला जमलं तर आपल्यालाही जमेल, असं तिने त्याला सांगितलं. तो ओरडू शकत नाही, त्याला आवाजच उरलेला नाही. नुसता खाट धरून बघत राहतो. मावशी माझ्या दंडाला धरून म्हणाली, तुझ्या अम्माच्या नावाने मी त्याला इतके दिवस तसाच ठेवला रे.

मी तिच्यापुढे उभा राहिलो. तिने हळूच विचारलं, ते परत देतात का? मी म्हटलं, देतात. यसवती आतून चपला घालून आली. तिने काही विचारलं नाही, फक्त म्हणाली की बाटली फुटली असं सांगू नका मावशी, ओतली असंच सांगू. दोघी पहिल्या बसने गेल्या.

मी आता मावशीच्या नवऱ्याजवळ बसून हे लिहितो आहे. त्याचा हात माझ्या हातात आहे आणि तो रस्त्याकडे बघतोय. बस अजून यायची आहे.

लोभ कर, माझ्यावर नंतर, आधी याच्यावर.

तुझा
जयतिस्स